एस७-३०० चं इथरनेट कार्ड बदलताना: साखर कारखान्यातल्या पॅनलसमोरून

एस७-३०० या सीमेन्सच्या पीएलसीच्या (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) रॅकमधलं इथरनेट कार्ड काढून दुसरं बसवायला वीस मिनिटं पुरतात. मी या कामाला अर्धा दिवस मागते. त्यामुळे "मॅडम वेळ फार घेतात" असं माझ्याबद्दल बोललं जातं, आणि ते खरंही आहे. पण वीस मिनिटांत कार्ड बदलून घरी गेलेल्या माणसाला रात्री फोन येतो: स्काडावर (कंट्रोल रूममधल्या संगणकाच्या पडद्यावर) सगळं दिसतंय, फक्त बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) कन्व्हेयर सुरू होत नाहीये. कार्ड बदलणं सोपं आहे. त्या कार्डाशी कोण कोण बोलत होतं हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं, आणि अर्धा दिवस जातो तो त्या शोधात.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत इन्स्ट्रुमेंट आणि पीएलसीची कामं घेते. इथे बॉयलर, बगॅस हँडलिंग, पाणी शुद्ध करणारा डीएम प्लांट अशा प्रत्येक विभागाला स्वतःचा पीएलसी असतो. त्यातले पुष्कळ अजून सीमेन्सच्या एस७-३०० मालिकेतले आहेत. म्हणून उदाहरण तेच धरते: सीपीयू ३१५-२ डीपी आणि त्याच्या रॅकमध्ये सीपी ३४३-१ हे इथरनेट कार्ड. तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा माल असेल तर बटणं आणि मेनू बदलतील, कामाचा क्रम साधारण हाच राहील.

कार्ड खरंच गेलंय का?

स्काडावरचे आकडे गायब झाले की पहिला निकाल लागतो तो "कार्ड गेलं" असा. पाचपैकी चार माणसं तिथूनच थेट परचेसला फोन लावतात. जरा थांबा.

साखर कारखान्यातलं पॅनल म्हणजे बगॅसची बारीक धूळ, उसाच्या रसाची चिकट वाफ आणि पावसाळ्यातला दमटपणा यांचं घर. आरजे-४५ कनेक्टरच्या पिना काळ्या पडतात. केबल ट्रेमध्ये उंदीर असतातच. म्हणून आधी पॅचकॉर्ड बदला, मग स्विचवरचा पोर्ट बदला. दोन्हीला पैसे पडत नाहीत.

मग मल्टीमीटर घ्या. सीपी ३४३-१ ला बॅकप्लेनमधून (कार्डांना मागून जोडणाऱ्या बसमधून) मिळणाऱ्या विजेखेरीज समोरच्या टर्मिनलवर स्वतंत्र २४ व्होल्ट लागतात, एल-प्लस आणि एम. तो एक स्क्रू ढिला झाला तरी कार्ड मेल्यासारखं वागतं आणि शेजारचा सीपीयू मात्र मजेत हिरवा दिवा लावून बसलेला असतो. व्होल्टेज टर्मिनलवरच मोजा, पॉवर सप्लायच्या तोंडाशी नको. ते २०.४ ते २८.८ च्या दरम्यान हवं. एकवीसच्या आसपास लटकत असेल तर कार्डाला दोष देण्याआधी पॉवर सप्लाय बघा.

नंतर लॅपटॉप सीपीयूच्या एमपीआय या प्रोग्रॅमिंग पोर्टला लावा. यासाठी यूएसबी-एमपीआय अ‍ॅडॉप्टर जवळ हवाच. तो नसेल तर या कामाला हात घालू नका, कारण इथरनेट कार्ड बाहेर काढल्यावर सीपीयूपर्यंत पोचायची तुमच्याकडे तीच एक वाट उरते. सीपीयूचा डायग्नोस्टिक बफर, म्हणजे त्याची बिघाडांची नोंदवही, उघडा. कार्ड कधी दिसेनासं झालं, एकदाच की पुन्हा पुन्हा, हे तिथे तारीखवेळेसकट मिळतं. रोज दुपारी तीनच्या सुमारास जाऊन संध्याकाळी परत येत असेल तर पॅनलचा एसी बंद आहे का ते बघा.

आणि हे सगळं चालू असताना बॉयलरवर कुणीतरी उभं हवं. कार्ड गेलं तरी सीपीयूचा प्रोग्रॅम चालूच असतो. ड्रम लेव्हलचा (बॉयलरमधल्या पाण्याच्या पातळीचा) लूप, आयडी-एफडी (धूर ओढणाऱ्या आणि हवा ढकलणाऱ्या) फॅनचे इंटरलॉक, म्हणजे एकाशिवाय दुसरं चालू न देणाऱ्या सुरक्षेच्या अटी, सगळं आपापलं काम करत असतं. फक्त कंट्रोल रूमला काही दिसत नाही. अशा वेळी बॉयलर अटेंडंटला गेज ग्लाससमोर उभं करायचं आणि वॉकीटॉकीवर लेव्हल बोलायला लावायची. आमच्याकडचे जुने अटेंडंट मामा स्काडापेक्षा गेज ग्लासवरच जास्त विश्वास ठेवतात. त्यांचं अगदीच चुकतं असं मला वाटत नाही.

कोण कुणाशी बोलतंय

इथे खरा वेळ घाला. एक कागद घ्या, मधोमध हे कार्ड काढा आणि त्याच्याशी जोडलेला प्रत्येक जण बाणाने दाखवा.

सोपे बाण आधी. स्टेप ७ या सीमेन्सच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरमधलं नेटप्रो उघडलं की कॉन्फिगर केलेली कनेक्शन्स दिसतात. साखर कारखान्यात ती बहुतेक पीएलसी ते पीएलसी असतात: बॉयलरचा पीएलसी बगॅस हँडलिंगच्या पीएलसीला सांगतो की माझे (भट्टीत बगॅस सोडणारे) फीडर चालू आहेत, तू कन्व्हेयर चालव. प्रोग्रॅममध्ये याची खूण म्हणजे एफसी ५ आणि एफसी ६, म्हणजे एजी-सेंड आणि एजी-रिसीव्ह. प्रत्येक कॉल उघडून कनेक्शनचा आयडी आणि एलएडीडीआर हे दोन पॅरामीटर लिहून घ्या. एलएडीडीआर हा कार्डाचा पत्ता आहे आणि तो स्लॉटवरून ठरतो. कार्ड चौथ्या स्लॉटमध्ये असेल तर डिफॉल्ट पत्ता २५६, हेक्समध्ये १००. पाचव्यात गेलं की २७२, हेक्समध्ये ११०. जागा मोकळी दिसते म्हणून कुणी नवं कार्ड शेजारच्या स्लॉटला बसवलं आणि हार्डवेअर कॉन्फिगमध्ये तसा बदलही केला, तरी प्रोग्रॅममधला पत्ता जुनाच राहतो. मग स्काडा झकास चालतो आणि पीएलसी-पीएलसी बोलणं बंद पडतं. सुरुवातीला सांगितलेल्या रात्रीच्या फोनचं हे नेहमीचं कारण.

आता अवघड बाण. स्काडा, टच पॅनल आणि ओपीसी सर्व्हर (इतर सॉफ्टवेअरला पीएलसीचे आकडे पुरवणारा) पीएलसीकडे स्वतःहून येतात, टीसीपी पोर्ट १०२ वर. त्यांचं कनेक्शन बहुतेक वेळा पीएलसीच्या बाजूला कॉन्फिगर केलेलंच नसतं, त्यामुळे नेटप्रोमध्ये त्यांचा मागमूसही नाही. कंट्रोल रूममधले दोन स्काडा पीसी सगळ्यांना माहीत असतात. पण अकाउंट्सच्या खोलीत टेबलाखाली एक पीसी चालू असतो, जो कोजनरेशनच्या (कारखान्यातल्या वीजनिर्मितीच्या) रिपोर्टसाठी स्टीम फ्लोचे आकडे ओढतो. तो कधी, कुणी बसवला हे कुणी सांगत नाही. तो बंद पडला हे कळतं ते महिनाअखेरीला, आणि तेव्हा बोट तुमच्याकडे येतं.

असे लपलेले पाहुणे शोधायला माझी पद्धत अशी: मॅनेज्ड स्विच असेल तर कार्डाच्या पोर्टचं मिररिंग (तिथल्या सगळ्या बोलण्याची नक्कल) दुसऱ्या पोर्टवर लावायचं, तिथे लॅपटॉप जोडून वायरशार्क हा नेटवर्क ऐकणारा प्रोग्रॅम चालू ठेवायचा आणि कार्डाच्या आयपीवर फिल्टर टाकायचा. निदान एक अख्खी शिफ्ट, आणि शिफ्ट बदलतानाचा अर्धा तास त्यात यायलाच हवा, कारण पुष्कळसे रिपोर्ट तेव्हाच पळतात. शेवटी बोलणाऱ्या आयपींची यादी मिळते. एकेका आयपीचा मालक शोधत कारखान्यात फिरा. कंटाळवाणं आहे, पण यातून निघालेला कागद पुढची दहा वर्षं उपयोगी पडतो. कार्ड आधीच मेलेलं असेल तर ऐकायला कुणी उरत नाही. मग नेटवर्क ड्रॉइंग, स्काडाचा प्रोजेक्ट आणि जुन्या माणसांची आठवण यांवरच भागवावं लागतं. म्हणून मी म्हणते, हा कागद कार्ड धडधाकट असतानाच, ऑफ सीझनला करून ठेवा.

या कागदावर आणखी चार गोष्टी लिहा: कार्डाचा आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि मॅक, म्हणजे कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता. मॅक कार्डावर छापलेला असतो. शिवाय पोर्टचा वेग आणि डुप्लेक्स (दोन्हीकडून एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने) ऑटो आहे की हाताने ठरवलेला, तेही. ते का, हे पुढे सांगते.

बॅकअप, आणि डीबीमधले आकडे

इन्स्ट्रुमेंट डिपार्टमेंटच्या पीसीवर "बॉयलर फायनल", "बॉयलर फायनल न्यू" आणि "बॉयलर फायनल न्यू २" असे तीन प्रोजेक्ट असतात. पीएलसीमध्ये यांतला कुठला आहे? नावावर जाऊ नका. स्टेप ७ च्या सिमॅटिक मॅनेजरमध्ये ब्लॉक कंपेअर करून बघा. एकही जुळत नसेल तर पीएलसीमधून स्टेशन अपलोड करून घ्या. त्यात सिम्बॉल आणि कॉमेंट मिळणार नाहीत, पण जे चालू आहे ते तरी नक्की हातात येतं.

प्रोग्रॅमइतकेच डेटा ब्लॉकमधले (डीबीमधले) आकडे महत्त्वाचे. ड्रम लेव्हल आणि फर्नेस ड्राफ्टचे (भट्टीतल्या हवेच्या दाबाचे) पीआयडी गेन, म्हणजे नियंत्रण किती जोराने व्हावं ते ठरवणारे आकडे, कुणीतरी हंगामाच्या सुरुवातीला रात्रभर बसून जुळवलेले असतात. ते आकडे पीएलसीमधल्या डीबीत असतात, पीसीवरच्या प्रोजेक्टमध्ये नसतात. पीसीवरचा डीबी वरून डाउनलोड केला की जुने सुरुवातीचे आकडे परत येतात आणि बॉयलरचा ड्राफ्ट झुलायला लागतो. म्हणून ऑनलाइन डीबी अपलोड करून वेगळ्या तारखेच्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि महत्त्वाचे गेन, सेटपॉइंट, ट्रिप लिमिट कागदावर हाताने उतरवा. हो, हाताने. लॅपटॉप बंद पडतो, वही पडत नाही.

तुमचा सीपीयू एमएमसी कार्डवाला (प्रोग्रॅम छोट्या मेमरी कार्डात ठेवणारा) असेल तर पॉवर घालवल्यावर प्रोग्रॅम टिकतो. पण एमएमसी वीज चालू असताना काढायचं नाही. त्याहून जुना बॅटरीवाला सीपीयू असेल तर पॉवर बंद करण्याआधी बॅटरी फॉल्टचा दिवा बघा. तो पेटलेला असताना पॉवर घालवली आणि फ्लॅश कार्डात प्रत नसली तर प्रोग्रॅम गेला. बॅटरी पॉवर चालू ठेवूनच बदला.

इथेच पेन ड्राइव्हबद्दल एक वाक्य. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस नेमका स्टेप ७ असलेल्या विंडोज पीसीतून एस७-३१५ सीपीयूमध्ये शिरत होता, आणि रॅकमध्ये प्रोफिबसचं सीपी ३४२-५ कार्ड आहे का ते तपासत होता. त्याचं लक्ष्य इराणमधले सेंट्रिफ्यूज होते, पण सर्वाधिक लागण झालेल्या देशांत इराण आणि इंडोनेशियानंतर भारताचा नंबर होता. बॅकअपच्या पेन ड्राइव्हवर गाणी आणि लग्नाचे फोटो ठेवू नका, एवढंच.

नवं कार्ड कुठलं

पुढच्या झाकणाखाली ऑर्डर नंबर असतो. तो पूर्ण उतरवून घ्या, अगदी शेवटच्या शून्यापर्यंत. "सीपी ३४३-१ पाठवा" एवढंच परचेसला सांगितलं तर त्याचा लीन हा कमी क्षमतेचा प्रकार येण्याची दाट शक्यता. सीपी ३४३-१ लीन दिसायला तसंच, रॅकमध्ये बसतंही. पण त्यात एस७ कनेक्शन चार मिळतात, साध्या सीपी ३४३-१ मध्ये सोळा. शिवाय एस७ कम्युनिकेशनमध्ये लीन फक्त सर्व्हर म्हणून काम करतं, स्वतःहून दुसऱ्या पीएलसीकडे डेटा मागायला जात नाही. दोन स्काडा, एक टच पॅनल आणि टेबलाखालचा तो रिपोर्ट पीसी, झाले चार. पाचवा आला की कुणाचं तरी कनेक्शन तुटतं, आणि रोज वेगळ्याचं. हा फॉल्ट शोधणं म्हणजे भुताशी कुस्ती.

तोच ऑर्डर नंबर मिळत नसेल तर त्याच घराण्यातलं पुढचं कार्ड चालतं, उदाहरणार्थ ईएक्स२१ च्या जागी ईएक्स३०. सीमेन्सच्या मॅन्युअलमध्ये मॉड्यूल बदलण्याचं वेगळं प्रकरण आहे. कुठलं जुनं कार्ड कुठल्या नव्याने बदलता येतं आणि कॉन्फिगरेशन पुन्हा डाउनलोड करावं लागतं की नाही, हे तिथे बघूनच ऑर्डर द्या.

सीमेन्सने १ ऑक्टोबर २०२३ पासून एस७-३०० मालिका टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आहे. सुटे भाग २०३३ पर्यंत मिळण्याची सोय आहे. त्यामुळे सेकंडहँड मालाचा बाजार तेजीत आहे. मी सेकंडहँडच्या विरोधात नाही, हंगामाच्या मध्यात तोच देव. पण एका व्यापाऱ्याकडून आलेल्या खोक्यावर नवं सील आणि आत पिना घासलेलं कार्ड मी पाहिलंय. बॅकप्लेनच्या कनेक्टरकडे भिंग घेऊन बघा, लेबलवरचा सीरियल नंबर खोक्याशी जुळवा आणि प्लांटला बसवण्याआधी टेबलावर चालू करून बघा.

बंद करणं, काढणं, बसवणं

एस७-३०० च्या मुख्य रॅकमधलं कार्ड वीज चालू असताना काढायचं नाही. एस७-४०० मध्ये चालतं, इथे नाही. म्हणजे रॅकची पॉवर जाणार, आउटपुट शून्यावर येणार, आणि बॉयलरचा पीएलसी असेल तर बॉयलर जाणार. त्यामुळे ही वेळ तुमची नाही, कारखान्याची आहे. हंगामात असेल तर क्लिनिंगचा दिवस किंवा "नो केन"चा (ऊस न आल्याचा) खोळंबा गाठा. कोजनरेशन असलेल्या ठिकाणी गळीत थांबलं तरी बॉयलर चालू ठेवतात, म्हणून गृहीत धरू नका. चीफ इंजिनिअर आणि शिफ्ट इन्चार्ज दोघांची परमिटवर सही घ्या. फीडर, फॅन, फीड पंप सगळे लोकलला टाकून बंद. एमसीसीला (मोटरांच्या स्विच पॅनलला) कुलूप आणि टॅग. चावी तुमच्या खिशात.

बाकी काम हाताचं आहे. काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा, एक लांबून आणि एक केबलच्या फेरूलचे नंबर वाचता येतील असा. पॉवर सप्लायचा एमसीबी बंद करा, २४ व्होल्ट खरंच गेले का ते मोजा. त्या पॅनलमध्ये दुसरीकडूनही फीड असतो कधीकधी. हात अर्थला लावा किंवा मनगटपट्टा घाला. इथरनेट केबल आणि २४ व्होल्टच्या वायरी सोडवा, खालचा स्क्रू ढिला करा, कार्ड खालून वर उचलत रेलवरून काढा. कार्डांच्या मागे यू आकाराचा बस कनेक्टर असतो. तो दोन शेजाऱ्यांना जोडतो. काढताना तो कुठल्या बाजूला राहिला ते बघा. एखादा खाली पडून केबल डक्टमध्ये गेला तर त्या कार्डाच्या उजवीकडची सगळी कार्डं सीपीयूला दिसेनाशी होतात. नवं कार्ड वर अडकवा, खाली झुकवा, स्क्रू ०.८ ते १.१ न्यूटन-मीटरला घट्ट करा. टॉर्क ड्रायव्हर नसेल तर मनगटाने, पण फिटरच्या मनगटाने नको. वायरी फोटोशी जुळवून लावा.

पॉवर आल्यावर

एमसीबी चालू करण्याआधी सीपीयूची चावी स्टॉपवर ठेवा. घाई नाही.

सीपी ३४३-१ चं कॉन्फिगरेशन सीपीयूकडे साठवलेलं असतं. त्यामुळे तोच ऑर्डर नंबर असेल तर नवं कार्ड चालू होताना ते आपोआप उचलतं, आयपीसकट. लॅपटॉपची गरजही पडत नाही. कार्डावर रनचा हिरवा दिवा स्थिर, एसएफ आणि बसफॉल्ट हे बिघाडाचे दिवे विझलेले, असं दिसलं की अर्धं काम झालं. अपवाद म्हणजे आयपी डीएचसीपीने (नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून आपोआप) मिळत असेल तर. तिथे सर्व्हर जुन्या मॅकला ओळखतो, नव्याला नाही.

आपोआप नाही उचललं तर "एडिट इथरनेट नोड" उघडा, ब्राउझ करा, यादीत नव्या कार्डाचा मॅक शोधा आणि आयपी द्या. यासाठी लॅपटॉप त्याच स्विचवर हवा, मधे राउटर नको. ऑर्डर नंबर बदलला असेल तर हार्डवेअर कॉन्फिगमध्ये कार्ड बदला, नेटप्रोमध्ये जाऊन सगळी कनेक्शन्स शिल्लक आहेत का बघा, सेव्ह-कंपाइल करा आणि फक्त हार्डवेअर आणि कनेक्शन्स डाउनलोड करा. ब्लॉक नाही. डीबी तर नाहीच नाही.

आता पिंग. उत्तर आलं म्हणून खूष होऊ नका. आपल्याच आयपीवर दुसरंच कुणी बसलेलं असलं तरी पिंगला उत्तर येतं. कमांड विंडोत एआरपीची यादी (कुठल्या आयपीला कुठला मॅक) बघा आणि त्या आयपीसमोरचा मॅक नव्या कार्डावर छापलेल्या मॅकशी जुळवा. मॅनेज्ड स्विचवर कुणी मॅकनुसार पोर्ट बांधून ठेवला असेल तर स्विच नव्या कार्डाला परका समजून पोर्टच बंद करतो. जुना मॅक काढून नवा नोंदवा. फायरवॉल आणि काही गेटवेमध्येही मॅक कायमचा लिहून ठेवलेला असतो. आयटीवाल्या पोरांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं तर रविवारी त्यांना शोधावं लागत नाही.

मग सीपीयू रनला न्या आणि आपला कागद बाहेर काढा. एकेका बाणावर टिक करायची.

पिंग चालतं, डेटा अडतो

हा फॉल्ट माणसाला वेडं करतो म्हणून वेगळा सांगते. स्काडा जोडला जातो, दोन-चार आकडे येतात, ट्रेंड उघडला की सगळं गोठतं. थोड्या वेळाने परत येतं. पिंग मात्र एकदम छान.

बहुतेक वेळा कारण डुप्लेक्सचं असतं. जुन्या काळी कुणीतरी स्विचचा पोर्ट हाताने १०० एमबीपीएस फुल डुप्लेक्सला बांधलेला असतो आणि जुनं कार्डही तसंच बांधलेलं असतं. नवं कार्ड, विशेषतः ऑर्डर नंबर बदलला असेल तर, ऑटोवर येऊ शकतं. समोरचा ऑटो बोलत नाही हे बघून ते वेग तर ओळखतं, पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही आणि नियमानुसार हाफ धरतं. एक बाजू फुल, दुसरी हाफ. हलक्या पिंगला फरक पडत नाही, डेटा वाढला की पॅकेट आपटायला लागतात. स्विचच्या पोर्टवर सीआरसीचे (बिघडलेल्या पॅकेटचे) आकडे वाढताना दिसतील. इलाज एकच: दोन्ही बाजू ऑटो, किंवा दोन्ही बाजू बांधलेल्या. एक अशी आणि एक तशी कधीच नको.

गोठलेला आकडा

याउलट फॉल्ट म्हणजे सगळं चांगलं दिसतंय आणि प्रत्यक्षात काहीच येत नाही. एजी-रिसीव्ह बंद पडलं तर डीबीमधला आकडा शून्य होत नाही. शेवटचा आलेला तसाच बसून राहतो. शेजारच्या पीएलसीला "फीडर चालू आहेत" हा बिट कालपासून एकच दिसतोय, आणि तो त्यावर विश्वास ठेवून कन्व्हेयर चालवतोय. बगॅसचा ढीग कुठे होईल ते सांगायला नको.

म्हणून प्रत्येक पीएलसी-पीएलसी बाणावर आकडा दिसतोय का हे तपासून भागत नाही, तो हलतोय का हे तपासा. पाठवणाऱ्या बाजूला एखादा सिग्नल बदलायला लावा आणि घेणाऱ्या बाजूला ऑनलाइन बघा. प्रोग्रॅममध्ये लाइफ बिट असेल, म्हणजे दर सेकंदाला उलटणारा बिट, तर तो बघा. नसेल तर हीच संधी आहे. एजी-रिसीव्हचा एनडीआर हा बिट नवा डेटा आला की एका स्कॅनपुरता वर येतो. त्याने एक टायमर रीसेट करा, आणि टायमर भरला की घेणाऱ्या पीएलसीने सुरक्षित बाजूला जावं असा इंटरलॉक लिहा. पाच-दहा सेकंद पुरतात. हा बदल चीफ इंजिनिअरांना समजावून, सही घेऊनच करा. एरवी पहिल्याच ट्रिपला तुमच्या नावाने शिमगा होईल.

शेवटी उलटी परीक्षा. सगळं चालू झालं की, प्लांट अजून थांबलेला असतानाच, इथरनेट केबल मुद्दाम उपटा. स्काडावर अलार्म येतो का? कन्व्हेयर थांबतो का? केबल परत लावल्यावर सगळं आपोआप सावरतं का? या तिन्हींचं उत्तर लिहून ठेवा.

रॉकवेलवाल्यांसाठी थोडं

काही कारखान्यांत, विशेषतः डिस्टिलरीत, अ‍ॅलन-ब्रॅडलीचे कंट्रोललॉजिक्स हे रॉकवेलचे पीएलसी भेटतात. तिथे जुनं ईएनबीटी कार्ड जाऊन ईएन२टी येतं. ईएन२टी वर तीन गोल स्विच आहेत. त्यांवर ००१ ते २५४ मधला आकडा लावला की कार्ड १९२.१६८.१ च्या घरातला आयपी घेतं, साठवलेला आयपी काहीही असो. तुमचं नेटवर्क दुसऱ्या घरातलं असेल तर स्विच खोक्यातून येतात तसे ९९९ वरच राहू द्या आणि आयपी सॉफ्टवेअरने द्या. ८८८ लावून पॉवर दिली की कार्ड फॅक्टरी सेटिंगला जातं. कार्डाखाली रिमोट आय-ओ असेल तर प्रोजेक्टमध्ये कार्डाचा प्रकार बदलून प्रोग्रॅम डाउनलोड करावा लागेल असं धरूनच शटडाउन मागा.

हे कार्ड वीज चालू असताना काढता येतं आणि लोक काढतातही. पण उपटताना ठिणगी पडू शकते. इथेनॉलची वाफ असू शकेल अशा भागात पॅनल असेल तर तो भाग सुरक्षित असल्याची लेखी खात्री मिळाल्याशिवाय हात लावू नका. मी तर डिस्टिलरीत पॉवर बंद केल्याशिवाय कार्डाला हात लावत नाही, मग कुणी कितीही घाई करो.

निघण्यापूर्वी

नव्या कार्डाचा ऑर्डर नंबर, सीरियल नंबर, मॅक, फर्मवेअर आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बाणांच्या कागदाची एक प्रत तिथल्याच ड्रॉइंगच्या खिशात, दुसरी डिपार्टमेंटला. ताजा बॅकअप घेऊन त्याला तारखेचं नाव द्या. "फायनल" नको.

जुन्या कार्डावर मार्करने "खराब" आणि लक्षण काय होतं ते लिहा. नुसतं "खराब" लिहिलेलं कार्ड कुणीतरी पुढच्या वर्षी चालतंय का बघायला म्हणून रॅकमध्ये घालतंच. त्यात जुना आयपी शिल्लक असू शकतो, म्हणून ते दुरुस्त होऊन आलं तरी प्लांटच्या नेटवर्कला थेट जोडायचं नाही, आधी टेबलावर. आणि पावसाळ्यात कारखाना बंद असला तरी पॅनलचा हीटर चालू ठेवायला वॉचमनला सांगून जा. अग्निप्रदीपनाच्या आदल्या दिवशी पॅनल उघडून पाहणी करायची तुमच्यावर वेळ आलीच, तर निदान आत पाणी साचलेलं नसेल.